पंचायतीचा टीव्ही आणि तेलाचा खर्च

मागच्या महिन्यात आपल्यापैकी एकाने गावच्या जुन्या शाळेचा फोटो टाकला होता. छपरावर गंजलेली एक जाळी दिसत होती, आणि खाली चारपाच जणांनी विचारलं होतं की हे काय आहे, कोंबड्यांचं खुराडं का? हसू आलं. तरुण मंडळींना ठाऊक नसणारच. ती टीव्हीची अँटेना आहे, आणि नुसती टीव्हीची नाही, थेट उपग्रहाची. पन्नास वर्षांपूर्वी मुंबई-पुण्याचं घर सोडलं तर महाराष्ट्रात कोणाकडे टीव्ही नव्हता, तेव्हा आपल्या गुलबर्गा जिल्ह्यातल्या खेड्यांत आकाशातून चित्र उतरत होतं. हे आज सांगितलं तर नातवंडांना थाप वाटते. म्हणून आठवतं तेवढं, आणि नंतर वाचून पक्कं केलेलं, असं दोन्ही मिळून लिहून ठेवतो. पोस्ट लांब झाली आहे, सवडीने वाचा.

मी तेव्हा गुलबर्ग्यात बँकेत नवीन लागलो होतो. माझी आत्या जिल्ह्यातल्या एका खेड्यात दिलेली. १९७५ च्या श्रावणात मी रविवारी तिच्याकडे गेलो तर घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं, "टीव्ही बंतु!" म्हणजे टीव्ही आलाय, सगळे शाळेत. शाळेच्या पटांगणात जाऊन बघतो तो अख्खं गाव बसलेलं. पुढे पोरं, एका बाजूला बायका, मागे पुरुष, आणि कुंपणाला टेकून धनगरवाड्यातली माणसं घोंगड्यांसकट. लाकडी पेटीत ठेवलेला काळापांढरा संच, त्यावर बैलाला होणाऱ्या रोगावर कन्नडमध्ये कार्यक्रम चालू. आत्याचं घरचं बोलणं मराठी, बाजारचं कन्नड, त्यामुळे तिला सगळं कळत होतं. ती मला पाहून उठलीसुद्धा नाही. हातानेच खूण केली, बस खाली.

त्या प्रयोगाचं नाव 'साइट'. उपग्रहाद्वारे शिक्षण देणारा दूरदर्शन प्रयोग. १ ऑगस्ट १९७५ ला सुरू झाला आणि ३१ जुलै १९७६ ला संपला, बरोबर एक वर्ष. उपग्रह अमेरिकेच्या नासाचा, नाव एटीएस-६. तो त्यांनी वर्षभरासाठी आपल्याला वापरायला दिला होता. सहा राज्यांतले २० जिल्हे निवडले, आणि सुमारे २,४०० गावांत प्रत्येकी एक सार्वजनिक संच. आपल्या कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यात होते. निवडताना मुद्दाम मागासलेले भाग घेतले होते. आयुष्यात एकदा तरी मागास असल्याचा फायदा झाला, असं आत्याचे यजमान म्हणायचे. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. बिदर त्या यादीत नव्हतं, त्यामुळे भालकी-बसवकल्याणकडचे आमचे पाहुणे मुद्दाम टीव्ही बघायला म्हणून आत्याकडे येऊन राहायचे.

ही कल्पना मूळ विक्रम साराभाईंची. नासाशी करार १९६९ मध्ये झाला, पण ते स्वतः १९७१ च्या डिसेंबरात गेले, त्यांना हे बघायला मिळालं नाही. पुढे प्रयोग उभा करणाऱ्यांत यशपाल होते, आणि आपल्याला अभिमान वाटावा असे कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते. चिटणीस शंभरी पूर्ण करून २०२५ मध्ये पुण्यात गेले. संच हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कारखान्यात बनले. अँटेना म्हणजे दहा फुटांची जाळीची थाळी, पश्चिमेच्या आकाशाकडे तोंड करून ठेवलेली, कारण उपग्रह तिकडे आफ्रिकेच्या वर उभा होता.

कार्यक्रम रोज चार तास. सकाळी दीड तास शाळेच्या मुलांसाठी, संध्याकाळी अडीच तास गावासाठी. भाषा चार: हिंदी, उडिया, तेलुगू, कन्नड. सकाळचा दीड तास चौघांत सारखा वाटला की एका भाषेला साडेबावीस मिनिटं. कन्नड आणि तेलुगू कार्यक्रम हैदराबादच्या केंद्रात तयार व्हायचे. मराठी त्यात नव्हती, कारण महाराष्ट्रातला एकही जिल्हा प्रयोगात नव्हता. आपल्या सीमाभागातल्या मराठी घरांनी टीव्ही पहिल्यांदा पाहिला तो कन्नडमध्ये. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझ्या आत्येभावाचं कन्नड लिहिणं-वाचणं त्या साडेबावीस मिनिटांनी सुधारलं असं तो स्वतः सांगतो, आणि पुढे त्याला राज्य सरकारात नोकरी लागली.

आता मी ज्या मुद्द्यासाठी लिहायला बसलो त्याकडे येतो. मी कॉमर्सचा माणूस. कुठलीही गोष्ट पाहिली की मनात दोन रकाने पडतात: भांडवली खर्च आणि चालू खर्च. एकदा करायचा तो भांडवली. दरवर्षी, दरमहा करावाच लागतो तो चालू. त्या वर्षभरात आत्याच्या गावात मला दोन्ही रकाने भरलेले दिसले. संच सरकारचा. संच उघडून बंद करायला शाळेचे मास्तर नेमलेले. बिघाड झाला तर मास्तर पोस्टकार्ड टाकायचे, आणि काही दिवसांत जीपमधून दुरुस्तीवाला यायचा. एकदा तर पावसात वीज पडून संच गेला होता, आठवड्याच्या आत चालू झाला. त्या काळात आमच्या गुलबर्ग्याच्या शाखेतलं टेलिफोन बिघडलं तर महिना जायचा!

३१ जुलै १९७६ च्या रात्री शेवटचा कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवसापासून पडद्यावर मुंग्या. उपग्रह नासाने परत नेला. गावात दोनतीन दिवस लोक सवयीने संध्याकाळी शाळेत येऊन बसत होते, असं आत्या सांगायची.

पुढच्या वर्षी, ३ सप्टेंबर १९७७ ला, गुलबर्ग्यात दूरदर्शनचं जमिनीवरचं प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. 'साइट'मधल्या निदान काही गावांना तरी टीव्ही दिसत राहावा म्हणून अशी केंद्रं जयपूर, रायपूर, संबळपूर, मुझफ्फरपूर अशा ठिकाणीही उभारली गेली. बंगळूरला दूरदर्शन आलं १९८१ मध्ये. म्हणजे कर्नाटकात टीव्ही राजधानीच्या आधी आपल्या गुलबर्ग्यात आला. हे आपल्या भागातल्या किती लोकांना ठाऊक आहे?

पण मनोऱ्याच्या आवाक्यात येणारी गावंच वाचली. लांबची गावं गेली. आत्याचं गाव कसंबसं काठावर होतं, बांबूला साधी अँटेना बांधून चित्र यायचं. मात्र आता दुरुस्तीवाली जीप येत नव्हती. पोस्टकार्ड कुणाच्या नावाने टाकायचं हेच मास्तरांना कळेना. शाळा म्हणाली विजेचं बिल आमच्या खात्यात बसत नाही. पंचायत म्हणाली आमच्याकडे त्यासाठी शीर्षक नाही. 'शीर्षक' म्हणजे अंदाजपत्रकातली ओळ. ज्यांनी सरकारी हिशेब पाहिले आहेत त्यांना ठाऊक असेल, पैसा नसला तर एकवेळ मार्ग निघतो, पण ओळ नसली तर पैसा असून खर्च करता येत नाही.

मग गावातल्या एका बड्या असामीने सांगितलं, बिल मी भरतो, दुरुस्तीही माझी. चांगला माणूस होता, हेतू वाईट नव्हता. फक्त संच त्याच्या वाड्यात गेला. ओसरीवर कट्ट्यावर ठेवला, कारण तिथून तारेची सोय होती. मी दिवाळीत गेलो तेव्हा ओसरीवर वीस-पंचवीस माणसं होती. आत्या म्हणाली, "मला तिथं जायला बरं वाटत नाही रे, त्यांच्या सुना चहा करत बसतात आमच्यासाठी." धनगरवाड्यातलं कोणी नव्हतं. खालच्या वाड्यातली, म्हणजे दलित वस्तीतली पोरं वाड्याच्या दाराबाहेर रस्त्यावर उभी राहून आत बघत होती. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. कोणी आत याही म्हटलं नव्हतं.

शाळेच्या पटांगणात जे एकत्र बसले होते ते सगळे एकमेकांचे सोयरे झाले होते असं मी म्हणणार नाही. तिथेही कोण पुढे, कोण कुंपणाला, हे ठरलेलंच होतं. पण ती जागा सगळ्यांची होती, यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. संच तोच, कार्यक्रम तेच. बदललं एवढंच की बिल कोण भरतो. ज्याने बिल भरलं त्याच्या ओसरीवर टीव्ही गेला. एवढं साधं गणित मला समजायला पुढे बरीच वर्षं लागली.

आता माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, जी मी आजवर घरातही नीट सांगितलेली नाही.

१९८३ च्या कायद्याने कर्नाटकात जिल्हा परिषदा आणि मंडल पंचायती आल्या. अब्दुल नझीर साब मंत्री होते, त्यांनी ते काम मनापासून केलं. निवडणुका १९८७ च्या सुरुवातीला झाल्या. मंडल पंचायतींच्या हातात पहिल्यांदाच थोडाफार स्वतःचा पैसा आला. मी तेव्हा बिदर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या शाखेत मॅनेजर होतो. त्याच सुमारास रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं होतं. आमच्या मंडल पंचायतीने काय केलं असेल? रंगीत टीव्ही घेतला. आठ-नऊ हजार रुपये एका दमात. चावडीत ठेवला, नारळ फोडला, मलाही फेटा बांधला. रविवारी चावडीसमोर पाय ठेवायला जागा नसायची. बायका आंघोळ करून, हळदीकुंकू लावून यायच्या.

वर्षभराने पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली होऊन संच गेला. बिदरच्या दुरुस्तीवाल्याने दीड-दोन हजाराचा आकडा सांगितला. पंचायतीच्या वहीत संच विकत घेतल्याची नोंद होती, दुरुस्तीची ओळ नव्हती. प्रधान, तरुण मंडळाचा एक पोरगा आणि एक म्हातारे गृहस्थ असे तिघे माझ्या केबिनमध्ये आले. म्हणाले, "साहेब, मंडळाच्या नावावर दोन हजाराचं कर्ज द्या. रविवारी घरटी चार आणे गोळा करून फेडतो." मी नियम सांगितले. मंडळाची नोंदणी नाही, तारण नाही, कर्जाचा हेतू उत्पादक नाही. सगळं खरं होतं. वरिष्ठांनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती. ते म्हातारे गृहस्थ उठताना मराठीत म्हणाले, "बैलाला कर्ज देता साहेब, बैलाचा रोग सांगणाऱ्याला देत नाही." चिडून नाही, हसून म्हणाले.

कर्ज देणं नियमात बसत नव्हतं हे आजही मी म्हणेन. पण मी दुसरं काहीतरी करू शकलो असतो. त्याच घरटी चार आण्यांचं एक बचत खातं उघडून देता आलं असतं. शंभर घरांचे चार आणे म्हणजे आठवड्याला पंचवीस रुपये, वर्षाला तेराशे. दुरुस्ती, विजेचं बिल, सगळं त्यातून निघालं असतं, आणि टीव्ही गावाचा राहिला असता. खातं उघडणं हे तर माझं रोजचं काम होतं. सुचलंच नाही. "बसत नाही" म्हणून मी मोकळा झालो. संच चावडीच्या मागच्या खोलीत खतांच्या पोत्यांबरोबर गेला. माझी बदली होईपर्यंत तिथेच होता.

पुढे नव्वदच्या दशकात केबलवाला आला. विजेच्या खांबांवरून, घरांच्या कौलांवरून तार ओढली. ज्याला महिन्याचे पैसे परवडले त्याच्या घरात पंचवीस वाहिन्या, ज्याला नाही त्याला काहीच नाही. चावडीत कोणी जमायचं कारण उरलं नाही.

जगात हे इतरांनी कसं केलं ते निवृत्तीनंतर वाचायला मिळालं. काही वर्षांपूर्वी मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो. तिच्या गावात, लोकसंख्या आपल्या हुमनाबादपेक्षाही कमी असेल, एक स्थानिक टीव्ही वाहिनी आहे. ना नफा तत्त्वावरची संस्था ती चालवते. त्यावर गावच्या सभेचं थेट प्रक्षेपण, शाळेचं नाटक, म्हाताऱ्यांच्या व्यायामाचा कार्यक्रम. कुणीही रहिवासी जाऊन कॅमेरा शिकू शकतो. मी जावयांना पहिला प्रश्न विचारला, पैसे कोण देतं? उत्तर मजेशीर होतं. तिथे १९८४ चा एक कायदा आहे. केबल कंपनी गावाच्या रस्त्यांखालून, खांबांवरून तार नेते, म्हणून तिने गावाला आपल्या उत्पन्नाच्या जास्तीत जास्त ५ टक्के रक्कम द्यायची. अनेक गावं त्यातला काही भाग या वाहिनीला देतात. म्हणजे वाहिनीचा चालू खर्च दरवर्षी आपोआप येतो, कुणाच्या ओसरीवर जावं लागत नाही. आता तिथेही लोक केबल तोडून इंटरनेटवर बघायला लागलेत, त्यामुळे ते उत्पन्न घटतंय आणि या संस्था काळजीत आहेत. पण चाळीस वर्षं तर चाललं.

आपल्या गावातूनही तारा गेल्याच की. खांब सार्वजनिक, रस्ता सार्वजनिक. त्या तारेच्या भाड्यातून गावाची एखादी वाहिनी चालवावी हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

आणि आलं असतं तरी दार बंद होतं, हेही सांगायला हवं. गुजरातेत खेडा जिल्ह्यात १९७५ पासूनच एक वेगळा प्रयोग चालला. पीज नावाच्या गावात छोटं प्रक्षेपण केंद्र, आणि चारशेहून जास्त गावांत मिळून सहाशेच्या आसपास सार्वजनिक संच. कार्यक्रम तिथल्याच लोकांना बरोबर घेऊन, त्यांच्याच बोलीत बनवलेले. १९८४ मध्ये त्याला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी ते केंद्र तिथून हलवायचं ठरलं तेव्हा लोक रस्त्यावर आले. तरी काही वर्षांत ते बंद झालंच. गावाचं प्रेम होतं, पण मालकी दिल्लीची होती.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नाही. त्यातून हळूहळू सामुदायिक रेडिओला परवानगी मिळाली, आधी शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून सेवाभावी संस्थांना. टीव्हीला मात्र असं काही धोरण आलं नाही. उलट राज्य सरकारं, नगरपालिका, पंचायती यांनी प्रसारणाच्या धंद्यात येऊ नये अशी शिफारस ट्राय या नियामक संस्थेने २००८ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये केली. त्यामागचं कारण अगदीच चुकीचं नाही. सत्तेवर असलेला पक्ष वाहिनी आपल्या प्रचाराला वापरेल ही भीती आपण सगळे समजू शकतो. पण वाहिनी पंचायतीने चालवणं वेगळं आणि गावातल्या संस्थेला पंचायतीने दरवर्षी ठरलेली रक्कम देणं वेगळं. वाचनालयाला आपण देतोच ना? ग्रंथालयाला अनुदान मिळतं म्हणून कोणी आमदाराचीच पुस्तकं ठेवत नाही.

ज्यांना वाटतं की आपल्या भागात असं काही होणारच नाही, त्यांनी बिदरहून हैदराबादच्या रस्त्याने जहीराबादला जावं. तिथून जवळ माचनूर नावाचं खेडं आहे. तिथे 'संघम रेडिओ' आहे. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या महिला संघांचा. १५ ऑक्टोबर २००८ ला सुरू झाला, सेवाभावी संस्थेला परवाना मिळालेला देशातला पहिला सामुदायिक रेडिओ. चालवणाऱ्या दलित शेतकरी बायका. प्रमुख दोघींचंही नाव नरसम्मा. गंमत पाहा, खोली आणि यंत्रं युनेस्कोच्या मदतीने नव्वदच्या दशकातच तयार होती, पण परवाना नाही म्हणून दहा वर्षं त्या बायकांनी नुसते कार्यक्रम टेप करून ठेवले, गावागावात ऐकवले. त्यांची ज्वारी, त्यांचं बियाणं, त्यांची गाणी, त्यांची तेलुगू बोली. मी एकदा गेलो होतो. एक बाई मशीनसमोर बसली होती, हातावर गोंदण, डोक्यावर पदर. मला म्हातारे गृहस्थ आठवले. बैलाचा रोग सांगणारा शेवटी सापडला, पण सीमेपलीकडे.

आपल्या कलबुर्गीतही शरणबसवेश्वर संस्थेचा 'अंतर्वाणी' नावाचा सामुदायिक रेडिओ आहे. संस्था मोठी आहे, दासोहाची परंपरा असलेली, म्हणून खर्च पेलते. लहान गावाला असा आधार कुठून मिळणार? सरकारची सामुदायिक रेडिओसाठी मदत योजना आहे, पण तिचाही भर यंत्रसामग्रीवर. परत तेच. पहिला रकाना भरलेला, दुसरा रिकामा.

आता शेवटचा मुद्दा. बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. आपल्या भागात त्या काळातले शेकडो शिलालेख सापडले आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. कोणी देऊळ बांधलं किंवा दुरुस्त केलं की तिथेच थांबत नाही. नंदादीपाच्या तेलासाठी, नैवेद्यासाठी, पुजाऱ्यासाठी अमुक इतकी जमीन किंवा घाण्यामागे अमुक इतकं तेल लावून दिलं, असं दगडावर कोरलेलं असतं. आणि हे दान मोडेल त्याला शापही! हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं होतं की समई घेणं सोपं, रोज तेल घालणं अवघड, आणि तेलाची सोय लावल्याशिवाय दान पुरं होत नाही. गावची जत्रा अजून भरते ती का? घरटी वर्गणी ठरलेली आहे म्हणून. टीव्हीला समई मिळाली, तेल कोणीच लावून दिलं नाही. 'साइट'च्या एका वर्षात ते तेल सरकारने घातलं, म्हणून पटांगणात सगळे बसले. तेल संपलं तशी जो घालू शकत होता त्याच्या घरी समई गेली.

आज प्रत्येकाच्या खिशात टीव्ही आहे, आता कशाला ही उजळणी, असं कोणी म्हणेल. पण आपल्या तालुक्यात कालव्याला पाणी कधी सुटणार, तुरीला खरेदी केंद्रावर काय भाव आहे, ग्रामसभेत काल काय ठरलं, हे त्या खिशातल्या टीव्हीवर कुठे दिसतं? मोबाइलवर वाहिनी काढायला आज परवाना लागत नाही, कॅमेरा प्रत्येक पोराकडे आहे. भांडवली खर्च जवळजवळ शून्यावर आला आहे. उरला आहे तो चालू खर्च: एका-दोघांचं मानधन, एक खोली, विजेचं बिल. ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात एक ओळ घातली, कोणाच्या बाजूने बोलायचं हे ठरवण्याचा अधिकार न घेता फक्त ओळ घातली, आणि गावाने घरटी थोडी वर्गणी ठरवली, तर ती वाहिनी कुणाच्या ओसरीवर जाणार नाही.

आपल्या मंडळींपैकी काहींची मुलं ग्रामपंचायतीत निवडून आली आहेत, काही जण पुण्या-मुंबईहून गावाला दरवर्षी पैसे पाठवतात. कमान बांधायला, सभामंडपाला फरशी बसवायला पाठवतात, चांगलंच आहे. पुढच्या वेळी पाठवताना एकदा विचारा, चालू खर्चाचं काय? मी तिघांना केबिनमधून परत पाठवलं तेव्हा हा प्रश्न विचारला असता आणि उत्तर शोधायला त्यांच्याबरोबर बसलो असतो, तर आज मला हे लिहावं लागलं नसतं.

तुमच्या गावात 'साइट'चा किंवा पंचायतीचा संच होता का? कुठे ठेवला होता, बिल कोण भरायचं, आणि शेवटी तो गेला कुठे? आठवत असेल तर जरूर लिहा. आत्याच्या गावच्या शाळेची ती जाळी मागच्या वर्षीपर्यंत होती. आता कोणीतरी भंगारात दिली म्हणे.